नागपुरात डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय: डिप्लोमा, हाताचा सराव आणि शिबिरांचं काम

त्रिमूर्तीनगर_२२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीची बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी. नीटच्या गुणांवर सरकारी बीडीएस शक्य नाही आणि खासगीची फी झेपणार नाही. तिला मात्र दातांच्याच कामात राहायचंय, आणि ओढा लोकांत जाऊन काम करण्याकडे आहे: शाळा, अंगणवाडी, तंबाखू-खर्रा खाणाऱ्यांची तपासणी. म्हणून डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा हा रस्ता आम्ही बघतोय.

कॉलेजची मान्यता नेमकी कशी तपासायची? दोन वर्षांत काय पक्कं केलं म्हणजे क्लिनिकमध्ये नुसतं सक्शन (लाळ-पाणी ओढायची नळी) धरून उभं राहावं लागणार नाही? शिबिरांच्या कामाचा नोकरीत खरंच उपयोग होतो का? मेडिकल चौकात एकाने सांगितलं की सहा महिन्यांचा कोर्स केला तरी हेच काम मिळतं. हे खरं का?

नोंदवही

सहा महिन्यांच्या कोर्सने हे काम मिळत नाही. कुणी देत असेल तर ते कायद्याबाहेर आहे, आणि अडचणीत आधी तुमची बहीण येईल.

१९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्याच दिलेली आहे. डेंटिस्ट किंवा डॉक्टर नसलेली, पण दातांचं स्केलिंग (साचून कडक झालेला थर, म्हणजे कीटण, खरवडून काढणं), सफाई, पॉलिशिंग करणारी किंवा दातांच्या निगेचं शिक्षण देणारी व्यक्ती म्हणजे हायजिनिस्ट. तिची नोंदणी राज्याच्या रजिस्टरमध्ये व्हावी लागते. कवळी, कॅप बनवणारा तो डेंटल मेकॅनिक, त्याचं रजिस्टर वेगळं. आणि सहा महिन्यांच्या कोर्सनंतर जे होतं ते असिस्टंट: चेअर लावणं, मटेरियल कालवणं, सक्शन, अवजारं धुणं. कामं तिन्ही महत्त्वाची आहेत, पण पेशंटच्या तोंडात स्केलर घालायचा अधिकार असिस्टंटला नाही.

डिप्लोमा दोन वर्षं पूर्णवेळ. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते तिच्याकडे आहेच.

आता मान्यता. इथेच लोक फसतात. कॉलेजला बीडीएसची परवानगी आहे म्हणजे हायजिनिस्टच्या डिप्लोमाचीही आहे असं होत नाही. दोन्ही परवानग्या वेगळ्या. आपल्याकडे मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, हिंगणा रोडला डिगडोहचं व्हीएसपीएम, वानाडोंगरीचं दादासाहेब काळमेघ स्मृती आणि वर्ध्याजवळ सावंगीचं शरद पवार दंत महाविद्यालय ही नावं बीडीएसमुळे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या ऑफिसात स्वतः जा आणि विचारा: यंदा हायजिनिस्टच्या डिप्लोमाला प्रवेश आहे का, जागा किती, मान्यतेचं पत्र कोणत्या वर्षाचं, परीक्षा कोण घेतं, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी होते का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर तोंडी घेऊ नका, पत्राची प्रत मागा. मग तेच नाव केंद्रीय परिषदेच्या (डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या) यादीत शोधा. २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, त्यात जुन्या डेंटल कौन्सिलची जागा आयोगाला दिली आहे. संकेतस्थळावर नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका, यादी तीच बघायची.

आणि हो, हायजिनिस्टला स्वतःचं क्लिनिक टाकता येत नाही. काम डेंटिस्टच्या देखरेखीखालीच. छोट्या क्लिनिकमध्ये हळूहळू "एवढं फिलिंग करून टाक", "हा हलता दात काढून दे" असं सुरू होतं. त्याला पहिल्या दिवशीच नाही म्हणायचं. घरच्यांनी तिच्या पाठीशी उभं राहायचं ते अशा वेळी.

ग्रेसी_अकरा_बारा

मी हाताच्या कामाबद्दल लिहिते. जिचं स्केलिंग झाल्यावर डॉक्टरला पुन्हा सगळं तपासून उरलेलं काढावं लागतं, तिला सक्शनवर बसवतात. जिच्या पेशंटमध्ये एक्सप्लोरर (दात चाचपायची टोकदार सळई) फिरवून काही सापडत नाही, तिला कुणी सक्शनवर बसवत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो दोन वर्षांत करता येतो.

आधी दातांची रचना. पाठ करायची नाही, डोळ्यांपुढे यायला हवी. ४६ म्हटलं की उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ, तिला दोन मुळं, आणि ती कुठे वेगळी होतात तिथली फट. १६ म्हटलं की वरची दाढ, मुळं तीन. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला मुळावर एक खोलगट खाच असते. कीटण तिथे हमखास राहतं, कारण पातं सपाट धरलं की खाचेवरून पूल केल्यासारखं जातं. रोज एक दात वहीत पाच बाजूंनी काढायचा, मुळासकट. चित्रकला यायला लागत नाही.

कीटण सगळ्यात जास्त कुठे जमतं? खालच्या पटाशीच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या नळ्या तिथे उघडतात म्हणून. तोंड उघडल्याबरोबर नजर आधी तिकडे गेली पाहिजे.

अवजाराची पकड पेन धरतो तशी, पण मधलं बोट दांड्यावर टेकलेलं, आणि अनामिका शेजारच्या दातावर घट्ट. या टेकूशिवाय एकही स्ट्रोक घ्यायचा नाही. टेकू नसेल तर अवजार सटकतं आणि हिरडी किंवा जीभ फाटते. जोर बोटांतून काढायचा नाही. मनगट आणि हात एकत्र वळला पाहिजे. बोटांनी खरवडणाऱ्यांचा अंगठा आणि मनगट काही वर्षांतच दुखायला लागतं. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी पेशंटच्या डोक्याभोवती घड्याळाच्या ९ ते १२ च्या दरम्यान बसायचं. पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला. दिसत नाही म्हणून मान वाकवायची नाही, आरसा वापरायचा.

पात्याचा कोन हा खरा अभ्यास. हिरडीखाली घालताना पातं दाताला जवळजवळ चिकटवून, शून्य अंशाला. खाली पोचल्यावर उघडायचं, ४५ ते ९० अंशांच्या मध्ये. ४५ पेक्षा कमी राहिलं तर पातं कीटणात रुतत नाही, वरून घसरतं आणि त्याला गुळगुळीत करून ठेवतं. असं चकचकीत झालेलं कीटण नंतर एक्सप्लोररलाही लागत नाही, ही शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक. ९० च्या वर गेलं तर हिरडीची आतली बाजू कापली जाते.

ग्रेसी क्युरेटचे (हिरडीखालचं कीटण काढायच्या वाकड्या पात्याच्या अवजाराचे) नंबर: ५/६ पुढच्या दातांना, ७/८ दाढांच्या गालाकडच्या व जिभेकडच्या बाजूंना, ११/१२ दाढांच्या पुढच्या फटीत, १३/१४ मागच्या फटीत. पात्याजवळचा दांड्याचा शेवटचा भाग ज्या पृष्ठभागावर काम चाललंय त्याला समांतर आला की कोन आपोआप बरोबर असतो.

धार. यावर कॉलेजमध्ये वेळ कमी दिला जातो, म्हणून सविस्तर लिहिते. बोथट पात्याने माणूस जास्त जोर लावतो आणि मग सगळंच बिघडतं. ग्रेसीला काम करणारी कड एकच, खालची. दुसरी कड घासायचीच नाही. अवजार टेबलाच्या काठावर घट्ट धरून पात्याचा चेहरा जमिनीला समांतर ठेवायचा. दगड आधी चेहऱ्याशी काटकोनात टेकवायचा, मग थोडा कलवून १०० ते ११० अंशांवर आणायचा. म्हणजे पात्याचा आतला कोन ७० ते ८० राहतो. टाचेकडून टोकाकडे जात छोटे छोटे स्ट्रोक, आणि शेवटचा स्ट्रोक नेहमी खाली. वर संपवलात तर कडेला धातूची बारीक तार राहते, ती धारेसारखी भासते आणि दातावर पहिल्या स्ट्रोकला तुटते. अर्कान्सास दगडाला तेल, सिरॅमिकला पाणी. तपासायला ॲक्रिलिकची काडी: पातं त्यात चावलं तर धार आहे, घसरलं तर नाही. नखावर तपासायची जुनी सवय सोडून द्या.

अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक दातात खुपसायचं नाही, बाजू लावायची आणि सतत हलवत ठेवायची. एका जागी थांबलं की इनॅमलवर खळगा पडतो आणि उष्णताही वाढते. टोक झिजतं. १ मिलिमीटर झिजलं की कामाची ताकद साधारण पाव भागाने उतरते, २ मिलिमीटरला निम्मी. तिथे टोक फेकायचं. कंपनीचं माप घ्यायचं कार्ड मिळतं, ते मागून घ्यावं. सकाळी पाण्याची लाइन दोन मिनिटं वाहू द्यायची, प्रत्येक पेशंटनंतर २०-३० सेकंद.

घरी सराव करायला टायपोडॉन्ट (सरावासाठीचा कृत्रिम दातांचा जबडा) घ्या, त्याच्या दातांवर गडद नेलपॉलिशचे दोन-तीन थर लावून वाळवा आणि ते क्युरेटने काढा. रंग कुठे राहिला त्यावरून आपला हात कुठे पोचत नाही ते कळतं. बहुतेकींचा डाव्या वरच्या दाढांच्या मागच्या फटीत राहतो.

स्टराइल_रूम

वरच्या ताईंनी हाताबद्दल लिहिलंच, मी ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं) जोडतो, कारण शिबिरात आणि क्लिनिकमध्ये दोन्हीकडे हायजिनिस्टवरच ते येतं.

क्रम असा: वापरल्याबरोबर अवजार ओलं ठेवायचं, रक्त वाळू द्यायचं नाही. मग अल्ट्रासॉनिक क्लीनर किंवा लांब दांड्याच्या ब्रशने पाण्याखाली, जाड युटिलिटी ग्लोव्ह्ज घालून. धुणं, पूर्ण कोरडं करणं, पाउच, मग ऑटोक्लेव्ह. १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं. पाउचमधल्या अवजारांना मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे वेळ वाढवायचा. घड्याळ तापमान गाठल्यावर सुरू होतं, बटण दाबल्यावर नाही.

बिघडतं कुठे? पाउच एकावर एक आडवे रचले की वाफ मध्ये पोचत नाही. ते उभे, कागद एका बाजूला, प्लास्टिक दुसऱ्या बाजूला असे लावायचे. ओला पाउच बाहेर काढून ठेवला की कागदातून जंतू परत आत. बोअरचं पाणी भरलं तर टाकीत क्षार धरतात, डिस्टिल्डच वापरा. आणि पाउचवरच्या खुणेच्या टेपवर काळे पट्टे आले म्हणजे निर्जंतुक झालं असं समजू नका, पट्टे फक्त उष्णता लागल्याचं सांगतात. खात्री स्पोर टेस्टने (चिवट जंतू यंत्रात ठेवून ते मेले का बघायची चाचणी) होते, ती आठवड्यातून एकदा.

भरती_वाचक

नोकरीचं थोडक्यात.

सरकारी जाहिरातीत हे पद "दंत आरोग्यक" अशा नावानेही येतं, फक्त "डेंटल हायजिनिस्ट" शोधत बसलात तर जाहिरात हातून जाईल. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, त्यात जिल्हा पातळीवर डेंटल सर्जन, हायजिनिस्ट आणि असिस्टंट कंत्राटी घेण्याची तरतूद आहे. त्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) संकेतस्थळावर येतात, मुदत कमी असते. रेल्वेच्या २०१९ च्या पॅरामेडिकल भरतीत हे पद होतं, पण तिथे डिप्लोम्यासोबत बायोलॉजी घेऊन विज्ञानाची पदवी आणि अनुभवही मागितला होता. म्हणून डिप्लोमा करताना किंवा लगेच नंतर बी.एस्सी. बाहेरून करता येते का ते आत्ताच बघून ठेवा.

शिबिरांच्या प्रमाणपत्राला सरकारी परीक्षेत वेगळे गुण नसतात. त्याच्या भरवशावर राहू नका. मोजतात तो अनुभव, आणि तो लेटरहेडवर, पदाचं नाव, रुजू आणि सोडल्याची तारीख, नोंदणी क्रमांक अशा तपशिलासह असेल तरच. "हौशीने सेवा केली" अशा आशयाचं पत्र छाननीत टिकत नाही.

परदेशाचा विचार असेल तर: अमेरिकेत तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजमधूनच शिकावं लागतं, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. इथला डिप्लोमा थेट चालत नाही. या व्यवसायाची सुरुवात तिथलीच, १९१३ मध्ये डॉ. अल्फ्रेड फोन्स यांनी कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला पहिली शाळा सुरू केली, आणि पहिल्या हायजिनिस्ट शाळांमधल्या मुलांचे दात साफ करायलाच गेल्या.

त्रिमूर्तीनगर_२२

खूप आभार सगळ्यांचे. मान्यतेचे प्रश्न लिहून घेतले, सोमवारी जातोय. शिबिराबद्दल अजून कुणी सांगाल का? शाळेतली तपासणी आणि खर्रा, दोन्ही. प्रवेशाआधी तिला काही करता येईल का?

खिडकीजवळची_खुर्ची

प्रवेशाआधी तोंडात हात घालायचा नाही, हे पहिलं. पण शिबिरात नोंदी घेणं, मुलांच्या रांगा लावणं, ब्रशिंग शिकवणं, पालकांशी बोलणं हे तिला उद्यापासून करता येईल. दंत महाविद्यालयांचा सामाजिक दंतशास्त्राचा विभाग शिबिरं घेतो, तिथे स्वयंसेवक म्हणून विचारा. नोंद घेणाऱ्याला दातांचे नंबर आणि आकडे कानावर पडून पाठ होतात, तोच तिचा पहिला धडा.

शाळेचं वेळापत्रक आधी पाहा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जुलै मध्य ते सत्र परीक्षेआधी, आणि मग दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मुख्याध्यापकांचं लेखी होकारपत्र आणि पालकांचं संमतिपत्र मराठीत, तपासणी वेगळी आणि उपचार वेगळा असं स्पष्ट लिहिलेलं. नुसत्या तपासणीच्या संमतीवर फ्लोराइड लावलं तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

बसायची जागा: मुलाचं तोंड खिडकीकडे, तपासणाऱ्याची पाठ खिडकीकडे पण थोडी बाजूला, नाहीतर आपलीच सावली तोंडात पडते. ऊन थेट नको, उजेड हवा. कपाळावरचा दिवा असेल तर उत्तम.

अवजारं जेवढी मुलं तेवढीच. साठ मुलं असतील तर साठ आरसे पाउचमध्ये. एवढे नसतील तर मुलं कमी करा, किंवा लाकडी स्पॅच्युला आणि टॉर्चवर फक्त बघण्याची तपासणी करा. दहा आरसे स्पिरिटच्या ट्रेमध्ये बुडवून फिरवायचे, हे मी बऱ्याच ठिकाणी चालताना पाहते. स्पिरिटने निर्जंतुकीकरण होत नाही. अशा शिबिरापेक्षा शिबिर न झालेलं बरं. ग्लोव्ह्ज प्रत्येक मुलाला नवे. कापूस आणि रक्त-लाळ लागलेलं पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज आणि प्लास्टिक लाल पिशवीत, शाळेच्या कचराकुंडीत काहीही नाही, सगळं परत न्यायचं.

स्वच्छतेची नोंद ओएचआय-एस (तोंडाच्या स्वच्छतेचा सोपा निर्देशांक) पद्धतीने घ्या, ती १९६४ पासून वापरात आहे आणि शिकायला सोपी. दात सहाच: १६, ११, २६, ३१ बाहेरच्या बाजूने, ३६ आणि ४६ जिभेकडच्या बाजूने. मऊ थर ० ते ३ आणि कीटण ० ते ३. दोन्हींच्या सरासरीची बेरीज १.२ पर्यंत चांगली, ३ पर्यंत मध्यम, त्यावर खराब. सहा महिन्यांनी त्याच मुलांची नोंद पुन्हा घेतली तरच शिबिराचा काही परिणाम झाला का ते समजतं. फोटो काढून निघून जाणाऱ्या शिबिरातून ते कळत नाही.

मुलांना शिकवताना फळ्यावरचं चित्र पाच मिनिटं, ब्रश हातात देऊन पंधरा मिनिटं. पेस्ट तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लांब पेस्ट दाखवतात, ती चूक तिथेच दुरुस्त करायची. थुंकायचं, पण चुळा भरभरून धुऊन टाकायचं नाही. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ ही दुधाचीच समजून पालक दुर्लक्ष करतात. एकच गोष्ट सांगायला वेळ असेल तर ही सांगा. दाढेमागे नवी दाढ आली की ती आयुष्यभराची.

आता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून बनवतात हे नागपूरकरांना सांगायला नको. पण एक गोष्ट लोकांना खरंच माहीत नसते: तोंड आखडण्याचं मुख्य कारण सुपारी आहे. म्हणून "मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" याने तोंड उघडायचं थांबणं टळत नाही. सुपारीला स्वतंत्रपणे कर्ककारक म्हणून २००४ सालीच आंतरराष्ट्रीय संस्थेने वर्गीकृत केलं आहे.

विचारायचं असं: दिवसाला किती पन्न्या, किती वेळ तोंडात, कोणत्या बाजूला ठेवता, झोपताना ठेवता का. "खर्रा खाता का?" याला उत्तर नाही असंच येतं, म्हणून "किती" पासून सुरुवात करा. तिखट लागतंय का? पेशंट सांगतो, जेवण झोंबतं, भाजीत मिरची चालत नाही. ही सुरुवातीची खूण. मग तोंड उघडायला सांगून पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, ३५ च्या खाली आलं की नोंद करून पाठवा. पट्टी नसेल तर त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. गालाच्या आतला भाग पांढुरका, संगमरवरासारखा, आणि हाताला दोरीसारखे पट्टे लागतात. पांढरा न पुसला जाणारा डाग, लाल मखमली डाग किंवा दोन आठवड्यांहून जुनी जखम दिसली तर हायजिनिस्टने निदान सांगायचं नाही, घाबरवायचंही नाही. चिठ्ठीवर बाजू, आकार, रंग लिहून दंत महाविद्यालयात तोंडाच्या विकारांच्या विभागात पाठवायचं, आणि चिठ्ठीची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवून आठवड्याने फोन करायचा. पाठवलेल्यांतले किती पोचले, हे ज्या शिबिरात मोजलं जातं तेच शिबिर कामाचं. सोडायला तयार असेल त्याला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक तिथेच फोनमध्ये सेव्ह करून द्या. गडचिरोलीत "सर्च" संस्थेचं मुक्तिपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान गावपातळीवर कसं काम करतं तेही तिने वाचावं, बोलण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे.

स्केलिंगबद्दल गावात एक प्रश्न हमखास येतो: "दात साफ केले की हलतात म्हणे." उत्तर आधीच तयार ठेवा. हिरडी खाली गेलेली असते, ती जागा कीटणाने भरलेली असते. कीटण निघालं की मोकळी फट दिसते आणि दात आधीपासून जेवढा हलत होता तेवढा हलतो. शक्य असेल तर आधी आरशात कीटण दाखवा, मग बोला.

पाण्याचा_नमुना

वरच्यात दोन गोष्टी जोडायला हव्यात, दोन्ही आपल्या भागातल्या.

फ्लोराइड वार्निश शाळेत लावणं चांगलं आहे. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, एका मुलाला पाव ते अर्धा मिली. दात गॉजने पुसून पातळ थर, त्या दिवशी कडक आणि गरम काही नाही, ब्रश दुसऱ्या दिवशी. वर्षातून किमान दोनदा. पण यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या हातपंपांना फ्लोराइड जास्त आहे. पाण्याची पिण्यायोग्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. गावातल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे एकसारखे दिसले तर आधी ग्रामपंचायतीकडून पाण्याचा तपासणी अहवाल मागवा आणि फ्लोराइडचा निर्णय डेंटिस्टवर सोडा. ते पट्टे घासून निघत नाहीत, तिथे पॉलिशिंगचा खटाटोप करू नका. फक्त इनॅमल झिजतं.

दुसरं सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात हे रुग्ण बरेच आहेत, आणि वैद्यकीय इतिहासाच्या फॉर्मवर रकानाच नसतो. तो हाताने घाला. वाहक असेल तर सहसा अडचण येत नाही. आजार असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी डेंटिस्टचं बोलणं व्हायला हवं, बैठक छोटी, सकाळची, पेशंट पाणी पिऊन आलेला, एसी फार थंड नको. थंडी, पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग आणि ताण यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याच फॉर्मवर रक्त पातळ करण्याची गोळी, बसवलेली झडप, पेसमेकर आणि सुरू असलेला टीबी हेही विचारा. यातलं एकही "हो" आलं तर स्केलर हातात घेण्याआधी डेंटिस्टला दाखवायचं.

आणि उन्हाळ्यात सामान गाडीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सीलंट (दाढांच्या खाचा बुजवायचा लेप) आणि ते लावण्याआधीचं एचिंग जेल बंद गाडीत खराब होतात. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, आणि सीलंटची बाटली उन्हात उघडायची नाही, प्रकाशानेच ते घट्ट व्हायला लागतं.

त्रिमूर्तीनगर_२२

एक शेवटचं. कावीळ बीची लस कॉलेजवाले देतात की आपण घ्यायची?

स्टराइल_रूम

वाट बघू नका, आत्ताच सुरू करा. तीन डोस: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. लहानपणी झाली असेल तर लसीकरणाचं कार्ड शोधा आणि डॉक्टरांना विचारून अँटी-एचबीएस टायटर (लसीचं संरक्षण किती आलं ते मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. तिसऱ्या डोसनंतरही एक-दोन महिन्यांनी तेच करायचं, १० किंवा वर यायला हवा. कमी आला तर डॉक्टर पुन्हा डोस देतात. बहुतेकांचं राहतं ते नेमकं हे टायटरचं, कारण डोस झाले म्हणजे संरक्षण आलं असं धरून चालतात. रिपोर्टच्या दोन प्रती काढा, एक प्रवेशाच्या फाइलला, एक तिच्याकडे. सुई टोचली तर पहिला प्रश्न त्याच रिपोर्टचा विचारतात.